दुखतं दाताला, पाणी डोळ्याला

सशाचा एक डोळा पाणावला, खालच्या पापणीजवळचे केस ओले होऊन चिकटले, की घरातलं माणूस आधी डोळ्याचे थेंब आणतं. चार दिवस थेंब घालायचे, डोळा कोरडा दिसला की बंद करायचे, आणि पुन्हा पाणी सुरू झालं की दुसरी बाटली आणायची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तो हा प्रकार. सशाचा डोळा सारखा पाणावत असेल तर त्याचं कारण पुष्कळदा डोळ्यात नसतंच. ते दाताच्या मुळाशी असतं.

सशाच्या तोंडात २८ दात असतात. पुढचे पटाशीचे आपल्याला दिसतात, दाढा मात्र इतक्या आत की तोंड उघडूनही दिसत नाहीत. वरच्या दोन पटाशीच्या दातांमागे काडीएवढे आणखी दोन दात लपलेले असतात. उंदराला ही मागची जोडी नसते. सशाला उंदीर-खारींच्या गणातून बाहेर काढून त्याचा वेगळा गण मानावा, असं गिडली या शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये मांडलं, त्यात दातांचा हा फरक महत्त्वाचा होता. पण घरात ससा असणाऱ्याला याहून महत्त्वाची गोष्ट ही, की हे सगळे दात, अगदी शेवटच्या दाढेपर्यंत, जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटर. ही वाढ दिसत नाही, कारण ते तेवढेच झिजतात.

झिजवायचं काम गवत करतं. गवतात सिलिका असते, तंतू असतात, आणि ते दळायला जबडा आडवा फिरवावा लागतो. गाजराचा तुकडा किंवा दुकानातला दाणेदार खुराक खायला जबडा नुसता वरखाली झाला तरी भागतं. मग दाढा एकमेकींवर पुरेशा घासल्या जात नाहीत. खालच्या दाढांना जिभेच्या बाजूनं आणि वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं टोकं फुटतात, ती मांसात रुततात. आणि दाताला समोरून जागा मिळेनाशी झाली की तो उलट्या दिशेनं, मुळाकडून हाडात शिरू लागतो.

वरच्या जबड्यात याच मुळांना लागून डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी जाते. माणसाच्या डोळ्यातून पाणी नेणाऱ्या मोऱ्या दोन, वरच्या आणि खालच्या पापणीला एकेक. सशाला एकच, खालच्या पापणीच्या आत. ही नळी पटाशीच्या मुळापाशी वळते आणि तिथंच ती अरुंद असते. मूळ जरा मागं सरकलं की नळी चेपते. पाणी नाकात उतरायचं ते गालावर ओघळतं. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यात दुधासारखा पांढरा पू दिसू लागतो. मागच्या दाढांची मुळं तर डोळ्याच्या खोबणीशीच असतात. तिथं गळू झालं तर डोळा पुढं येतो. सशाचा पू आपल्यासारखा वाहणारा नसतो, दातांच्या पेस्टइतका घट्ट असतो, त्यामुळं गळू फोडलं आणि निचरा झाला असं होत नाही. ते मुळापासून काढावं लागतं.

आमच्याकडे भुरी नावाची ससीण आहे. शेजारच्या मुलाला वाढदिवसाला मिळालेली, त्याची हौस फिटल्यावर आमच्या गॅलरीत आलेली. तिच्या दाढा आता पुन्हा सरळ होणार नाहीत. डॉक्टरांनी हे पहिल्या भेटीतच सांगितलं, आणि मला त्यांचं ते सांगणं आवडलं. ठरावीक काळानं भूल देऊन दाढांची टोकं यंत्रानं घासायची, डाव्या डोळ्याची नळी बारीक सुईवाटे सलाइननं धुऊन घ्यायची, मधल्या काळात आपण घरी सांभाळायचं. हे असंच चालणार. आपल्याला आजार म्हटलं की गोळ्यांचा कोर्स आणि नंतर सुटका, एवढंच ठाऊक असतं. ज्या दुखण्यातून सुटका नाही, त्याच्याबरोबर रोज नीट राहायचं, याला निराळा स्वभाव लागतो. तो माझ्याकडं जन्मतः नव्हता. भुरीमुळं थोडा अंगी बाणला.

त्यातली अवघड गोष्ट औषध पाजणं नव्हे. अवघड हे, की ससा दुखणं सांगत नाही. कोल्हा, ससाणा, रानमांजर, सगळे ज्याच्यावर टपलेले, त्यानं कळपात लंगडून दाखवलं तर आधी तोच जातो. म्हणून तो शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग आणतो, आणि जो त्याला वाचवू पाहतो त्यालाही त्यात फसवतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं त्याच्या बोलण्यातून कळत नाही, ताटात उरलेल्या भाकरीवरून कळतं. सशाचंही तसंच. भुरी गवताकडं येते, हुंगते, काडी तोंडात घेते आणि टाकून देते. भूक आहे, पण चावताना लागतंय. हनुवटी ओलसर लागते, म्हणजे लाळ गळतेय. कालपर्यंत कोथिंबीर देठासकट खाणारी आज फक्त पानं निवडते. या खुणा एकेकट्या क्षुल्लक आहेत. रोज पाहणाऱ्यालाच त्या दिसतात.

म्हणून सकाळी चहाआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन होतं आणि कॅलेंडरवर लिहिलं जातं. मग लेंड्या पाहायच्या. पाहुण्यांना हे ऐकून हसू येतं, पण लेंड्या लहान झाल्या किंवा कमी पडल्या तर पोट मंदावलंय, हे त्याहून लवकर दुसरं काही सांगत नाही. ससा दोन तऱ्हेची विष्ठा टाकतो. एक कोरडी गोल, दुसरी मऊ घोसासारखी, जी तो स्वतःच खातो आणि त्यातून जीवनसत्त्वं परत मिळवतो. तोंड दुखत असलं की तो वाकून ती खात नाही, अंगही चाटत नाही. मऊ विष्ठा मागच्या केसांना चिकटून राहते, पावसाळ्यात तिथं माशी बसते आणि दिवसभरात अळ्या पडतात. दाताचं दुखणं कुठून कुठं पोचतं पाहा.

डोळा पुसायला उकळून कोमट केलेलं पाणी किंवा सलाइन आणि कापूस. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्या डोळ्याला लावायचा नाही. चिपडं ओढून काढायची नाहीत, भिजू द्यायची. गालावरची कातडी ओली राहिली की सोलवटते, केस गळतात, म्हणून पुसल्यावर कोरडं करायचं. भुरीला हे आवडत नाही. पण डोक्यावर, दोन्ही कानांच्या मधे बोटं फिरवली की ती हलकेच दात घासते, ऐकायला कान जवळ न्यावा लागतो इतकं हळू. ते समाधानाचं. तेच दात करकर वाजले, पाठीला कुबड काढून ती कोपऱ्यात बसली, की ते वेदनेचं.

हे दुखणं बऱ्याचदा आपल्या लाडातून येतं, हे जरा कडू आहे. काही सशांना ते जन्मानं मिळतं. चपट्या तोंडाच्या, कान लोंबणाऱ्या जाती आपणच गोंडस दिसाव्यात म्हणून तयार केल्या, आणि आखूड जबड्यात दातांची दाटी झाली. पण उरलेल्यांचं काय? फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन या इंग्लंडमधल्या पशुवैद्य बाईंनी पाळीव सशांच्या दातांचा पुष्कळ अभ्यास केला. पिंजऱ्यात राहणाऱ्या, मिश्र खुराकातले आवडीचे दाणे तेवढे निवडून खाणाऱ्या सशांना कॅल्शियम कमी पडतं, उन्हाअभावी ड जीवनसत्त्वही, आणि जबड्याचं हाड दात धरून ठेवण्याइतकं भक्कम राहत नाही, असं त्यांनी मांडलं. खिडकीच्या काचेतून आत येणारं ऊन त्या कामाचं नाही. आपण मात्र सशाला घरात, सावलीत, गादीवर ठेवतो आणि चित्रातला ससा खातो म्हणून गाजर देतो. गाजर गोड असतं, चवीपुरतं ठीक. त्याचं खरं जेवण सुकं गवत. ते दिवसभर पुढ्यात हवं, बाकी पालेभाजी त्याच्या जोडीला. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. हरळी उत्तम. भाद्रपदात बाजारात दूर्वांच्या जुड्या मिळतात तेव्हा आमच्या घरात गणपतीच्या बरोबरीनं आणखी कुणीतरी खूश असतं. अर्थात तिच्या जुड्या धुऊन वेगळ्या ठेवलेल्या, हळदकुंकवाच्या नव्हेत.

डॉक्टरांविषयी थोडं. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाईम्हशी, कुत्रीमांजरं यांत मुरलेले असतात. सशाचं तोंड अरुंद, त्यात दाढा पाहायला कान तपासायचं यंत्र घालावं लागतं, खरी स्थिती कवटीच्या एक्स-रेमध्येच दिसते. म्हणून ससे नेहमी पाहणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवावा, दुखणं आल्यावर नव्हे. डोळ्याची नळी मोकळी आहे का, हे पाहायला डोळ्यात हिरवट-पिवळा रंग टाकतात. तो थोड्या वेळानं नाकपुडीशी उतरला तर रस्ता खुला. लांब झालेले पटाशीचे दात नखं कापायच्या कात्रीनं कापून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. असं कापताना दात उभा चिरू शकतो आणि चीर मुळापर्यंत जाते. वाकडे पटाशीचे दात काढून टाकता येतात, ससा ओठांनी उचलून दाढांनी चावत छान जगतो. फक्त पाला-भाजी चिरून द्यावी लागते. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायला सांगितलं तर पुन्हा विचारा. सशाला उलटी होतच नाही, आणि रिकामं पोट त्याला घातक.

आणि घरातलं औषध तर मुळीच नको. आपल्या कपाटात सहज सापडणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. उरलेले डोळ्याचे थेंबही नकोत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

ससा ही मुलाला वाढदिवसाला द्यायची वस्तू नाही, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. तो नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. तेवढ्यात मूल दहावीतून बाहेर पडतं आणि काटा, कापूस, सिरिंज घरातल्या मोठ्यांच्या हाती येतात. ज्यांच्या घरी तो आधीच आहे त्यांना मात्र एवढंच सांगणं. आज त्याच्या हनुवटीखाली बोट फिरवून पाहा, दोन्ही डोळ्यांखालचे केस कोरडे आहेत का ते बघा, आणि वजन लिहून ठेवा. रात्री टाकलेलं गवत सकाळी तसंच असेल, लेंड्या पडलेल्या नसतील, तर संध्याकाळपर्यंत थांबू नका, कामावर रजा टाका आणि डॉक्टर गाठा. सशानं बारा तास काही खाल्लं नाही, तर त्याचं पोट पुन्हा चालू होईलच, असं कुणी सांगू शकत नाही.