आडवे शब्द, उभे शब्द

वृत्तपत्रातल्या शब्दकोड्याची सुरुवात ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात झाली. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी तेथे छापून आले. मराठी कोड्यात प्रत्येक चौकोनात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर भरतात. जोडाक्षरालाही एकच चौकोन लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातले उदाहरण पाहता येईल. आडवा शब्द, तीन अक्षरी: ‘ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, त्या नेवाशाची नदी’. ‘मुळा’ दोन अक्षरी, ‘गोदावरी’ चार अक्षरी, दोन्ही बाद. ‘प्रवरा’ नेमकी बसते. तिच्या ‘रा’पासून खाली उभा शब्द: ‘महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गाव’. उत्तर ‘राहुरी’. आता ‘प्रवरा’चीही खात्री पटते.

उत्तरामागची माहिती मात्र चौकोनात मावत नाही. याच प्रवरेवर १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

अडलेल्या शब्दापाशी थांबून राहू नये. शेजारचे शब्द सुटले की त्यांचीच अक्षरे त्याला वाट दाखवतात.