गळा कोणाचा?

ज्या गळ्यानें काल लोकरंजन केलें, त्याच गळ्यानें आज प्रभूचें स्तवन करावें काय? फडांत गाजलेला एखादा गवई प्रभूकडे वळला, म्हणजे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हा प्रश्न हटकून निघतो. कित्येक वडिलांस वाटतें कीं, त्यानें ढोलकी व जुन्या चाली वेशीबाहेर ठेवूनच मंदिरांत यावें.

आपल्या नगर जिल्ह्यास ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. कै. रे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला व पुढें नगर ही त्यांची कर्मभूमि झाली. कवि म्हणून ते आधींच नांवाजलेले होते. बाप्तिस्म्याबरोबर त्यांनीं लेखणी बुडविली काय? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत, आणि तो पूल त्यांनीं मागें वळून जाळला नाहीं. अभंग, ओवी, कीर्तन, सर्व कांहीं त्यांनीं प्रभूच्या चरणीं आणिलें. (कीर्तनाची वाट त्यांच्याही आधीं नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनीं पाडली होती, हें आपण फार लवकर विसरतों.) परक्या चालींवर ओढूनताणून बसविलेले शब्द जिच्या जिभेवर अडखळत, त्या जात्यावरील बाईस टिळकांचें भजन आपल्या घरचें वाटलें.

मिसर देशांतून आणलेल्या सोन्याचें इस्राएलांनीं वासरूं केलें. पुढें निवासमंडपासाठीं अर्पण झालें तेंही त्यांच्या कानांतलेंच सोनें. धातु दोषी नव्हता. तरी वडिलांची शंका अगदींच पोकळ नाहीं. कांहीं चालींना स्मरणशक्ति असते. त्या ऐकतांच जुने अभद्र शब्द मनांत उभे राहतात. अशी चाल निर्बळ बंधूसाठीं सोडावी, हें मला मान्य आहे.

पण माझ्या मतें खरी कसोटी चालीची नव्हे. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' मांडिला. गाणाऱ्यास वाहवा हवी असते आणि बिदागीही हवी असते. वाहवा मंदिरांतही मिळते, व तेथें ती अधिक घातक, कारण तिला भक्तीचें नांव देतां येतें. तिचा त्याग ज्याचा त्यानें करावयाचा आहे. बिदागीची गोष्ट निराळी. ती मुलांच्या भाकरीची असते, आणि तिचा त्याग आपण त्याजकडून परस्पर मागतों. म्हणून ढोलकी बाहेर ठेवा म्हणणाऱ्यांनीं, तिच्यावर ज्या घराची चूल पेटत होती त्या घरीं आपल्यापैकीं कोण जाऊन आला, हेंही मंडळीच्या सभेंत विचारावें.