अंगात मुरलेला ताण

खुर्चीच्या कडेला बसा, म्हणजे पाठ मोकळी राहील. दोन्ही हात मागे न्या आणि बरगड्या संपतात तिथे पाठीवर तळवे टेकवा. तळव्यांखाली, आत खोलवर, मूत्रपिंडं आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर एकेक ग्रंथी आहे, वजनाला जेमतेम ४-५ ग्रॅम. श्वास सावकाश सोडा. लक्ष तिथेच राहू द्या.

आज सकाळी जाग आल्यावर साधारण अर्ध्या तासात तुमच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरातल्या सगळ्यात वरच्या पातळीला पोचलं. ते या ग्रंथींनीच सोडलं. कुणी रागावलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. उठून कामाला लागायला ते लागतंच. म्हणून ताणाला शत्रू ठरवून या मननाला बसू नका.

आता अलीकडचा एखादा प्रसंग आठवा. फार मोठा नको. रात्री अवेळी वाजलेला फोन, हप्ता थकल्याचा बँकेचा मेसेज. छातीत धस्स झालं, तो क्षण. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसने पियुषिका ग्रंथीला कळवलं, पियुषिकेने या ग्रंथींना, आणि कॉर्टिसॉल वाढलं. ते पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं. मग ती जोडी केंद्रकात जाऊन थेट डीएनएवर बसते. काही जनुकांचं काम वाढतं, काहींचं मंदावतं. जनुकं तीच राहतात, त्यांचा वापर बदलतो.

थोडं थांबा इथे. बँकेचा एक मेसेज तुमच्या जनुकांपर्यंत जाऊन पोचला.

मग हे थांबतं कसं? टाकी भरून वाहू लागली की गच्चीवरून कुणीतरी ओरडतं, ‘मोटर बंद करा!’ खाली ते ऐकू गेलं की मोटर थांबते. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींत तेच ग्राहक असतात. रक्तात कॉर्टिसॉल वाढलेलं त्यांना कळतं आणि ‘पुरे’ असा निरोप निघतो. हे ग्राहकच कमी असले तर फोन ठेवून झाला, प्रसंग सरला, तरी मोटर चालूच राहते. नैराश्याने ग्रासलेल्या अनेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल उतरायला हवं तेव्हा उतरत नाही. सगळ्यांचं असं होत नाही; नैराश्याकडे नेणाऱ्या वाटा अनेक आहेत. आपण त्यातल्या एकीवरून चाललो आहोत.

ग्राहक कमी का पडतात? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरिणी पाहिल्या. काही आपल्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. २००४ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते सावकाश वाचण्यासारखं आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी दोन्ही प्रकारच्या पिल्लांत, ग्राहक घडवणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी मिथाइल गट बसलेले होते. एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढासा हा गट. तो बसला की जनुक दबून राहतं. भरपूर चाटलेल्या पिल्लांत आठवड्याच्या आत ही खूण उतरली. कमी चाटलेल्यांत ती मोठेपणीही टिकली. त्यांच्यात ग्राहक कमी होते आणि ताणाचं संप्रेरक चढलं की लवकर उतरत नव्हतं. जन्मल्याबरोबर पिल्लांची अदलाबदल केली, तेव्हा खूण ठरली ती सांभाळणाऱ्या आईवरून.

डोळे मिटा. अंगावर केस न आलेलं पिल्लू, त्याच्या पाठीवरून फिरणारी जीभ, आणि आत, मेंदूत, एका जनुकावरून सुटणारा एक कण.

मन इथे लगेच आईकडे बोट दाखवायला धावतं. त्याला आवरा. मीनींच्याच प्रयोगशाळेत पुढे असंही दिसलं की एरवी भरपूर चाटणाऱ्या उंदरिणींना गरोदरपणी ताण दिला, तर त्याही कमी चाटू लागतात. तेव्हा बाळंतिणीकडे पाहताना विचारायचं ते हे, की तिच्या भोवती काय चाललं होतं? नवऱ्याची गेलेली नोकरी, मुलगी झाली म्हणून टोमणे, महिनोन्‌महिने अर्धवट झोप? तिच्या पाठीवरून कुणी हात फिरवला का? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

माणसांविषयी बोलताना जपून बोलायला हवं. क्युबेकमध्ये आत्महत्येने गेलेल्या काही जणांच्या मेंदूंचा अभ्यास याच संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. लहानपणी छळ सोसलेल्या १२ जणांत त्याच जनुकावर मिथाइल गट जास्त आढळले; तसा छळ न झालेल्या १२ जणांत ते तसे नव्हते. संख्या लहान आहे. त्यावरून कुणाचंही भविष्य सांगता येत नाही.

आणि कमी चाटलेल्या, आता मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत ट्रायकोस्टॅटिन ए हे द्रव्य सोडलं, तेव्हा ती जुनी खूण उतरली, ताण पेलण्याची त्यांची रीतही बदलली. माणसाला देण्याचं ते औषध नाही. पण वर्षानुवर्षं बसलेली खूण हलू शकते, एवढं त्यातून कळलं.

आता तुमच्या ओळखीचं एक माणूस मनासमोर आणा, दोन-तीन आठवडे कशातच रस नसलेलं, पहाटे तीनला जागं होणारं. आजवर त्याला सगळ्यांनी ‘मनावर घेऊ नकोस’ असंच सांगितलं आहे. तुम्ही त्याला विचारा: झोप लागते का? जेवण जातं का? डॉक्टरांकडे मी सोबत येऊ? आणि त्याला १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या. तिथे मराठीत बोलता येतं.