वयाआधी वयात

चेन्नईत राहणाऱ्या माझ्या भाचीची मुलगी सात वर्षे चार महिन्यांची असताना तिने मला विचारले, "मावशीआजी, साताऱ्याची आजी फोनवर म्हणाली, मी शहाणी व्हायला लागले. मग आई का रडते?"

मला उत्तर देता आले नाही. मराठीत मुलीला ऋतुप्राप्ती झाली की ती 'शहाणी झाली' असे म्हणण्याची जुनी रीत आहे. साताऱ्याच्या आजींनी ती सहज वापरली असेल; कदाचित आपल्या सुनेचे सांत्वन करण्यासाठीच. परंतु ज्या मुलीविषयी ते बोलले गेले, तिच्या लेखी 'शहाणी' म्हणजे पाढे पाठ असलेली, ताटात काही न टाकणारी मुलगी. शब्द एकच, आणि त्याचे दोन अर्थ एका घरात समोरासमोर येऊन उभे राहिले होते.

या अवस्थेला आपल्या भाषेने किती नावे दिली आहेत! न्हाण आले, पदर आला, वयात आली, शहाणी झाली. तमिळमध्येही 'वयाला आली' असेच म्हणतात. शब्दसुद्धा आपलाच, 'वयस्'. या साऱ्या शब्दप्रयोगांमागे एक गृहीत आहे. शरीर, वय आणि समज ही तिन्ही एकाच वाटेने, एकाच चालीने येतात, आणि एक दाराशी आले की मागून उरलेली दोन येणारच. बहुतेक घरांत हे गृहीत थोडेफार खपून जाते, म्हणून ते तपासावे लागत नाही. ज्या घरी शरीर एकटेच पुढे येऊन दार ठोठावते, त्या घरातील आईवडिलांना ते तपासल्यावाचून गत्यंतर नसते.

माझी भाची आणि तिचे यजमान दोघेही सुशिक्षित. मुलीच्या छातीला उभार येऊ लागला, घामाला मोठ्या माणसाचा वास येऊ लागला, वर्षभरात दोनदा गणवेश बदलावा लागला, तेव्हा त्यांनी वेळ दवडला नाही. डाव्या हाताचे व मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र काढले गेले. हाडांची वाढ पाहून त्यांचे 'वय' ठरवता येते. या मुलीची हाडे दहा वर्षांच्या मुलीची दिसत होती. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत ही चिन्हे दिसली तर वैद्यक त्यांना अकाली मानते. पुढे मेंदूचे चित्रणही झाले आणि त्यात काही वावगे आढळले नाही. मी पोहोचले त्याच आठवड्यात तिचा समोरचा दुधाचा दात पडला होता. तो तिने गच्चीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरला आणि रोज सकाळी माती उकरून तो अजून आहे ना, हे पाहण्याचा तिचा क्रम सुरू झाला. हाडे दहा वर्षांची, दात सात वर्षांचे.

घरात मला जे सर्वांत अधिक जाणवले ते रडणे नव्हे. मुलीचे वडील तिच्यापासून दूर सरकले होते. ती सोफ्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसली की ते वर्तमानपत्र मांडीवर पसरीत. रात्री गोष्ट सांगायला ते पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसू लागले होते. पूर्वी ते तिला खांद्यावर घेऊन बेसंट नगरच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंडत. ते बंद झाले होते. याविषयी कोणी काही बोलत नव्हते. मुलीनेही विचारले नव्हते. फक्त ती शाळेचे दप्तर पाठीऐवजी पोटाशी धरून चालू लागली होती.

एके रात्री मी विषय काढला. ते म्हणाले, "मावशी, मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण तिला सवय लागायला हवी. उद्या कुणी परक्यानं जवळ ओढलं, तर हे बरोबर नाही हे तिला कळायला नको का?"

हा युक्तिवाद मी हलका मानीत नाही. मोठी दिसणारी लहान मुलगी दुहेरी संकटात असते. जग तिच्याकडून मोठेपणाची अपेक्षा करते, आणि काही नजरा तिला मोठी समजण्यास उत्सुकच असतात. पित्याला हे पित्याच्या आधी पुरुष म्हणून ठाऊक असते, आणि त्याची लाजही त्याला वाटत असते. तरीही मला वाटते की येथे एक चूक घडते. सर्वच स्पर्श एकाएकी थांबले, तर मुलीला चांगल्या आणि वाईट स्पर्शातला भेद कळत नाही. तिला एवढेच कळते, की आपल्या अंगात असे काहीतरी शिरले आहे ज्यामुळे बाबा जवळ घेत नाहीत. भेद करण्याची शक्ती ज्या विश्वासातून यायची, तोच आपण काढून घेतलेला असतो. परक्या नजरेपासून मुलीला वाचवायचे म्हणून ती नजर आपण आधी घरात आणतो आणि तिच्यावर पहिल्यांदा आपणच रोखतो.

या प्रश्नाने एके काळी सारा देश ढवळून निघाला होता. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा ठरवले होते. १८९० मध्ये कलकत्त्यात एका खटल्याने खळबळ उडवली: दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी तिशी ओलांडलेल्या नवऱ्याच्या समागमामुळे मरण पावली होती, तिने दहा वर्षे पुरी केलेली असल्याने बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठरू शकला नाही. त्यानंतर हे वय बारावर नेणारे विधेयक आले आणि मार्च १८९१ मध्ये त्याचा कायदा झाला. लोकमान्य टिळकांनी त्याला विरोध केला, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधारे त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली. विरोधकांचा एक प्रमुख मुद्दा आज वाचताना अंगावर काटा येतो. प्रथम ऋतुदर्शनानंतर ठराविक रात्रींत गर्भाधान झालेच पाहिजे. मग एखादी मुलगी बारा वर्षांपूर्वीच ऋतुमती झाली तर धर्म बुडेल त्याचे काय? म्हणजे त्या वादाच्या मध्यभागी उभी होती ती लवकर वयात आलेली मुलगीच. तिचे शरीर तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केले जात होते. कायद्याने त्यावर जे म्हटले, ते त्यातील परकीय सत्तेचा अहंकार वजा करूनही मला फार मोलाचे वाटते: शरीर काहीही सांगो, वर्षे मोजा.

अर्थात नुसती वर्षे मोजणे म्हणजे करुणा नव्हे. पराशरस्मृतीतही वर्षेच मोजली आहेत. आठ वर्षांची ती गौरी, नऊ वर्षांची रोहिणी, दहा वर्षांची कन्या आणि त्यापुढची रजस्वला, मग तिला प्रत्यक्षात न्हाण आलेले असो वा नसो. तेथे वर्षे मोजली गेली ती मुलीला लवकर घराबाहेर काढण्यासाठी. १८९१ मध्ये ती मोजली गेली ती काही काळ तिला राहू देण्यासाठी. (गौरीची आठ वर्षे आणि आजच्या वैद्यकाची आठ वर्षे हा निव्वळ योगायोग, पण पाहून मी थबकले खरी.) २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, शरीर किती वाढले आहे हे तो विचारीत नाही. कायद्याला जे उमगले आहे, ते घराला अजून उमगायचे आहे, असे त्या दिवसांत मला वारंवार वाटत राहिले.

भाचीचे दुःख वेगळे होते. ती कारण शोधीत होती. दूध, कोंबडीचे मांस, प्लॅस्टिकचे डबे, मोबाईल, स्वतःचे लवकर आलेले न्हाण. रोज एक नवा आरोपी, आणि शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यात ती स्वतः. मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही, हे डॉक्टरांनी सांगूनही तिचे समाधान होत नव्हते. वजन, आनुवंशिकता यांचा संबंध असतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर इटलीपासून पुण्यापर्यंत अशा मुलींची संख्या वाढल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. पण यातून एका मुलीचे 'का' सुटत नाही. मी तिला स्वीडनमधल्या एका अभ्यासाची हकीकत सांगितली. भारतातून दत्तक गेलेल्या मुलींचा तो अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाशी बालपणातून उचलून ज्यांना सकस अन्न, ऊब आणि माया मिळाली, त्या मुलींपैकी निम्म्यांना साडेअकरा वर्षांच्या आसपास, किंवा त्याहून लवकर, न्हाण आले होते. काहींना फारच लवकर. त्यांची उंचीही मग खुंटली. त्या दत्तक आईबापांनी कोणते पाप केले होते? शरीराला एकाएकी सुकाळ दिसला आणि त्याने घाई केली, असा त्याचा एक अर्थ लावतात. भाची ऐकून गप्प बसली. तिला बरे वाटले, असे मी म्हणणार नाही.

मग उपचाराचा प्रश्न आला, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. शरीरशास्त्र येथे एक विलक्षण गोष्ट सांगते. यौवनाची यंत्रणा बालपणी नसते असे नाही. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत ती जागी असते, मग मेंदू तिला आवर घालतो आणि तो आवर कितीतरी वर्षे टिकतो. म्हणजे बालपण ही रिकामी जागा नव्हे. ते धरून ठेवलेले दार आहे. मेंदूतील संप्रेरक थांबून थांबून, ठेक्यात स्रवू लागले की दार उघडते. औषध त्या संप्रेरकाचीच नक्कल असते, पण ते शरीरात अखंड राहते. ठेका हरवतो आणि पुढची ग्रंथी गप्प होते. १९८० च्या दशकापासून हा उपचार दिला जातो; दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी एक सुई. ती थांबवली की दार पुन्हा उघडते.

हाडे लवकर पक्व झाली तर ती लवकर मिटतात, आणि वर्गात सर्वांत उंच असलेली मुलगी पुढे बुटकी राहू शकते. सहा वर्षांच्या आत उपचार सुरू केला तर उंचीचा लाभ स्पष्ट असतो. आठनंतर तो संशयास्पद. आमची मुलगी बरोबर मधल्या पट्ट्यात. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि निर्णय आईवडिलांवर सोडला.

भाची म्हणाली, "मावशी, चौथीत पाळी आली तर शाळेत काय होईल? लोक काय म्हणतील?" या एका श्वासात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला मुलीचा आहे: आठ-नऊ वर्षांच्या पोरीला शाळेच्या स्वच्छतागृहात एकटीने ते निभावता येईल का, ती घाबरेल का, तिची चेष्टा होईल का. दुसरा आपला आहे. पहिल्यासाठी सुई टोचणे मला न्याय्य वाटते, उंचीसाठीही वाटते. परंतु नातेवाइकांच्या कुजबुजीवर उतारा म्हणून मुलीच्या दंडात सुई खुपसण्याचा अधिकार आईबापांना आहे, असे मला वाटत नाही. अडचण अशी की मनात हे दोन्ही हेतू वेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. सुई तीच, मात्रा तीच, परिणाम तोच. मग हेतूने फरक तो काय पडतो? माझ्या मते पडतो, आणि तो मुलीला काय सांगितले जाते त्यात पडतो. आपली लाज झाकण्यासाठी सुई देणारे आईबाप तिला खरे सांगू शकत नाहीत. 'शक्तीचं इंजेक्शन आहे' असे सांगण्याची पहिली सूचना याच घरात झाली होती.

ती मागे पडली याचे श्रेय शेजारच्या घराला द्यावे लागेल. वरच्या मजल्यावरील तमिळ कुटुंबात बारा वर्षांच्या मुलीचा 'मंजळ नीराट्टु' समारंभ होता. हळदीच्या पाण्याचे स्नान, मामाकडून आलेली रेशमी साडी, पंगती, छायाचित्रे. आपल्याकडे पूर्वी मखरात बसवीत, तसेच. मला स्वतःला हे सोहळे कधी रुचले नाहीत. मुलीच्या खाजगी गोष्टीची गावभर दवंडी पिटण्यासारखे वाटते ते. पण आमची मुलगी डोळे विस्फारून सारे पाहत होती. घरी येताना जिन्यातच तिने आईला विचारले, "अक्काला जे झालं तेच मला होणार आहे ना? मला कुणी सांगत का नाही?"

त्या रात्री भाचीने तिला सांगितले. मी दुसऱ्या खोलीत होते. फार वेळ लागला नाही. सात वर्षांच्या मुलीला जेवढे लागते तेवढेच शब्द: तुझं अंग जरा लवकर मोठं व्हायला निघालंय, तुझं काही चुकलेलं नाही, डॉक्टर त्याला थोडं थांबायला सांगणार आहेत, सुई दुखेल. मुलीने एकच प्रश्न विचारला: "मग मी दुसरीतच राहणार ना?" तिला वाटले होते, मोठी झाल्यावर तिला मैत्रिणींतून काढून वरच्या वर्गात बसवतील.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघे समुद्रावर गेलो. रविवार असल्याने गर्दी होती. परतताना मुलगी दमली आणि वाळूत बसकण मारून म्हणाली, "बाबा, पाय दुखतात." त्यांनी तिच्यापुढे बोट केले. "बोट नको," ती म्हणाली, "खांद्यावर." ते उभेच राहिले. त्यांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी भाचीचा हात धरला आणि आम्ही दोघी पुढे चालू लागलो.