कोणाच्या खात्यावर?

माणसाला दुःख सोसवते. बेवारशी दुःख मात्र सोसवत नाही. पोटात दुखले की कालच्या वांग्याकडे बोट दाखवावे, धंद्यात खोट आली की शनीकडे, आणि मुलगा बिघडला की त्याच्या आजोळाकडे! कारण सापडले म्हणून दुःख कमी होते असे नाही. पण रक्कम कोणाच्या तरी खात्यावर मांडली गेली, एवढे समाधान मिळते. दिवाळीत वह्यांची पूजा करणाऱ्या आपल्या समाजाला हे सांगायला नकोच.

माझी अडचण अशी, की माझ्या देहात खाती दोन आहेत. पहिले मल्टिपल स्क्लेरोसिसचे. शार्को या फ्रेंच वैद्याने 1868 साली पॅरिसमध्ये या रोगाचे नीट वर्णन केले. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे असते. शरीराचे रक्षण करणारी आपलीच शक्ती मेंदूतले आणि मज्जारज्जूतले हे वेष्टन कुरतडू लागते. मग निरोप रेंगाळतात किंवा पोचतच नाहीत. दुसरे खाते मणक्यांमधल्या चकत्यांचे. लोक म्हणतात, ‘गादी सरकली’. खरे तर ती सरकत नाही; तिचे कडे फुगते किंवा फाटते, आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर रेलतो. पायात उठणारी कळ अशा दाबाने येते, हे मिक्स्टर आणि बार या दोघा शल्यविशारदांनी 1934 साली दाखवून दिले.

या दोन दुखण्यांना समाजात मिळणारा मान मात्र सारखा नाही. पहिल्याचे नाव काढले की लोक आवाज खाली आणतात. दुसऱ्याचे काढले की, “अहो, मणक्यात गॅप कोणाला नाही?” म्हणून स्वतःच्या कमरेची कथा सुरू करतात. वास्तविक रात्री मला जागे ठेवते ती कंबरच. सहानुभूती दुखण्याच्या तीव्रतेवर मिळत नाही. ती नावाच्या वजनावर मिळते.

आता खरा पेच सांगते. रांगोळी काढायला मान खाली घातली की माझ्या पाठीतून खाली विजेची लहर जाते. लेर्मित या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने हे लक्षण ओळखतात. ते मल्टिपल स्क्लेरोसिसने होते आणि मानेतली चकती मज्जारज्जूवर दाबली गेली तरीही होते. लहर एक, दावेदार दोन! उपचारांतही दोघांचे जमत नाही. कंबर शेक मागते. पण शरीर तापले की वेष्टन गेलेल्या तंतूंतून निरोप आणखीच मंद जातो आणि पाय काही काळ जड होतात. म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटे सारे घर कढत पाण्याने नाहते, तेव्हा माझी बादली कोमट असते. सासूबाई आधी हळहळत. आता पाण्यात हात घालून स्वतःच बघतात.

कोणी म्हणेल, एवढी यंत्रे निघाली आहेत, एमआरआय काढा म्हणजे निवाडा होईल. पण चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. 1994 साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या 98 लोकांची अशी चित्रे तपासली, तेव्हा 52 टक्क्यांच्या निदान एका तरी चकतीला फुगवटा आढळला. म्हणजे चकती फुगलेली दिसली म्हणून कळ तिचीच, असे ठरत नाही. तपासणाऱ्याचे बोट, रुग्णाची हकीकत आणि काळ, या तिघांची साक्ष घ्यावी लागते.

इथे प्रश्न वैद्यकाचा उरत नाही, न्यायाचा होतो. गावात एक नामचीन चोर असला की प्रत्येक चोरी त्याच्याच नावावर जाते आणि बाकीचे चोर सुखाने झोपतात. मोठ्या रोगाचेही तसेच. हातातली पकड सैल झाली की, “हे त्याचेच,” असे म्हणून सगळे गप्प बसले, तर ज्या चकतीवर वेळीच शस्त्रक्रिया होऊ शकली असती ती सुटते आणि मज्जारज्जूची हानी कायमची होते. उलट, निर्दोष चकतीवर सुरी चालवणे हाही अन्यायच. घरात एकदा वाईट ठरलेल्या सुनेच्या वाट्याला प्रत्येक फुटलेली बरणी येते, त्यातला अन्याय वेगळा कुठे आहे? प्रत्येक गुन्ह्याची चौकशी नव्याने करायची, हा न्यायाचा कंटाळवाणा पण एकमेव मार्ग आहे.

शेजारच्या काकू तिसरेच खाते उघडतात, पूर्वजन्मीचे. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्या खात्यात उलटतपासणीची सोय नाही, आणि आरोपी ठरतो तो सोसणाराच. दुखणे सोसायचे आणि वर त्याचा दोषही सोसायचा, हे मला मान्य नाही.

मग रोज जगायचे कसे? कारण कळेपर्यंत पाय थांबत नाहीत आणि चकल्याही थांबत नाहीत. मला वाटते, प्रश्न दोन आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. “हे कोणामुळे?” हा प्रश्न सोडायचा नाही, तो डॉक्टरांपुढे चिकाटीने, प्रत्येक नव्या लक्षणाच्या वेळी मांडायचा. पण घराने विचारायचा प्रश्न निराळा: “आत्ता काय हवे?” उशी हवी, पंखा हवा, जिन्यावर हात हवा की नुसते एकटे सोडायला हवे? याचे उत्तर द्यायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या घरी हे पूर्वी विचारीत, “आज कोणते दुखते आहे?” हल्ली नुसता खांदा पुढे करतात. त्या खांद्याला दोन्ही दुखण्यांचा भार सारखाच लागतो.

दुःख कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे ठरायला वर्षे लागतील. कदाचित ते कधी पुरते ठरणारही नाही. मदतीला मात्र खाते लागत नाही. ती रोखीने द्यावी आणि रोखीने घ्यावी.