जाग आणि भान

खाटेवरच्या माणसाचे डोळे उघडे असतात, पापण्या लवत असतात आणि शेजारी उभे राहून आपण म्हणतो, "त्यांना आता काही कळत नाही." मग त्याच खोलीत खर्चाचं, वाटण्यांचं, पुढच्या तयारीचं बोलणं सुरू होतं. हे वाक्य किती सहज आपल्या तोंडून निघतं, याचा मला अलीकडे फार त्रास होतो. मेंदूच्या चित्रणाचं संशोधन वाचल्यापासून तर जास्तच.

मराठीत जाग वेगळी आणि भान वेगळं. जागेपणीही भान हरपू शकतं, हे आपली भाषा कधीपासून जाणते. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या डॉक्टरांनी १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये अशाच अवस्थेला 'पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट' हे नाव दिलं. झोप आणि जाग यांचं चक्र चालू असतं, पण स्वतःची किंवा भोवतालची जाणीव असल्याचं एकही चिन्ह दिसत नाही. चिन्ह दिसत नाही, एवढंच डॉक्टर सांगू शकतात. 'जाणीवच नाही' हा पुढचा निष्कर्ष आपण परस्पर काढतो.

२००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीला फंक्शनल एमआरआयच्या यंत्रात ठेवलं. मोटार अपघातानंतर पाच महिने ती याच अवस्थेत होती. तिला सांगितलं गेलं : तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग : स्वतःच्या घरात खोल्याखोल्यांतून फिरते आहेस असं समज. पहिल्या सूचनेला हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग उजळला, दुसऱ्या सूचनेला जागा आणि वाटा ओळखणारे भाग. निरोगी स्वयंसेवकांच्या चित्रांपासून तिची चित्रं वेगळी काढता येत नव्हती.

लगेच आक्षेप आला की 'टेनिस' हा शब्द कानी पडताच मेंदू आपोआप चाळवला असेल. तो रास्तच होता. हे यंत्र विचार पाहत नाही. मेंदूच्या कोणत्या भागाकडे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त वळलं, तेवढंच टिपतं, आणि तेही काही सेकंद उशिरा. पण शब्दाने आपोआप उठलेली लहर चटकन विरते. इथे ती हालचाल अर्धा मिनिट, 'आता थांब' असं सांगेपर्यंत टिकून होती. शब्द समजणं, तो मनात धरून ठेवणं आणि सांगितल्यावर सोडून देणं, ही तिन्ही कामं आत कुणी तरी करत होतं. त्या 'कुणी तरी'ला 'मी' म्हणायला मला कचरावंसं वाटत नाही.

म्हणून प्रत्येक खाटेवर कुणी तरी आत अडकून पडलं आहे, असंही नाही. नातेवाइकांच्या आशेला असं खतपाणी घालणं क्रूरपणाचं होईल. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातले आकडे डोक्यातून जात नाहीत. सूचनेला कोणताही दृश्य प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण चित्रणाने किंवा ईईजीने तपासले, तेव्हा त्यातल्या ६० जणांचे मेंदू सूचना पाळताना आढळले. चारातला एक! बातम्या याच आकड्याच्या झाल्या. माझ्या दृष्टीने त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. जे ११२ रुग्ण सांगितल्यावर उघडपणे प्रतिसाद देत होते, म्हणजे ज्यांच्या भानाबद्दल शंकाच नव्हती, त्यांच्यापैकी फक्त ३८ टक्के या चाचणीत उत्तीर्ण झाले. बाकीच्यांचं भान समोर दिसत होतं, आणि यंत्राला मात्र सापडलं नाही. तेव्हा यंत्राचा होकार हा पुरावा आहे. नकार हा कशाचाच पुरावा नाही.

इथे मुंबईचं केईएम रुग्णालय आठवतं. १९७३ मधल्या भीषण हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग तिथे २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं जगल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात दयामरणाचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष लागू होतात. रुग्णालयाचं म्हणणं निराळं होतं : त्या जेवण घेतात, चेहऱ्यावरून आवड-नावड कळते, आवाज करून गरजा सांगतात. हे भान होतं की निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया, हा वाद मी सोडवू शकत नाही. मात्र त्यांना भरवणाऱ्या, कूस वळवणाऱ्या परिचारिकांनी पुराव्याची वाट पाहिली नाही, याचं मोल माझ्या लेखी फार मोठं आहे.

केंब्रिजच्या प्रयोगानंतर बेल्जियममधल्या लीएज इथल्या संशोधकांसह हेच काम पुढे गेलं. २०१० च्या अभ्यासात ५४ रुग्णांपैकी पाच जणांना मेंदूची हालचाल हवी तशी बदलता आली. त्यातल्या एकाशी तर संवाद साधला गेला. 'होय'साठी टेनिस, 'नाही'साठी घर. त्याला वडिलांचं नाव अमुक आहे का, अशा धर्तीचे सहा प्रश्न विचारले. पाचांची उत्तरं बरोबर आली. सहाव्याला ना टेनिस उमटलं, ना घर. त्याला झोप लागली असेल, ऐकू गेलं नसेल, किंवा त्याने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं असेल. चित्रात या तिन्ही गोष्टी एकसारख्याच दिसतात.