गरजेचें माप

नादारीच्या अर्जांचा निकाल लावणाऱ्या समितीवर मीं बरींच वर्षें काम केलें आहे. एकदां एका हुशार विद्यार्थ्याचा अर्ज, वडिलांचें उत्पन्न भरपूर म्हणून, आम्हीं नामंजूर केला. "वडील फी देत नाहींत," तो म्हणाला. "कां?" असें मीं विचारतांच तो मान खालीं घालून निघून गेला व पुढें महाविद्यालयांत दिसला नाहीं. तो समलिंगी असल्याचें घरीं कळलें आणि घराचें दार त्याला बंद झालें, हें दोन वर्षांनीं त्याच्याच पत्रावरून समजलें.

समलिंगी व पारलिंगी विद्यार्थ्यांसाठीं निराळ्या शिष्यवृत्त्या कशाला, गरज वा गुण पाहून साह्य द्यावें, असें पुष्कळ सज्जन म्हणतात. मीही म्हणत असें. पण गरजेचें आमचें मापच मुळीं घर गृहीत धरून चालतें! अमेरिकेंतही मध्यवर्ती सरकारचें साह्य ठरवितांना २४ वर्षांखालील अविवाहित विद्यार्थ्याच्या हिशेबांत सामान्यतः आईबापांचें उत्पन्न धरतात. त्यांनीं पैसे नाकारले, एवढ्यानेंच तो स्वतंत्र ठरत नाहीं. म्हणजे कागदावर सधन, प्रत्यक्षांत निर्धन! तेथें २००१ सालीं निघालेली 'पॉइंट फाउंडेशन' ही संस्था अशा विद्यार्थ्यांस द्रव्याबरोबर एक मार्गदर्शकही मिळवून देते. तुटलेल्या घराची थोडी भरपाई त्यांत होते.

आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांस घरोघरीं अन्न मिळे. पण ज्यास उंबरठाच वर्ज्य, त्याला वार कोण देणार? म्हणूनच शाहू महाराजांच्या आश्रयानें १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांकरितां वसतिगृहें निघालीं. ज्या नांवाखालीं दार लागतें, त्या नांवाचा उच्चार केल्यावांचून तें उघडत नाहीं.

तथापि एक पेंच उरतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या 'स्माइल' योजनेंत पारलिंगी विद्यार्थ्यांसाठीं नववीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत वर्षाला १३,५०० रुपयांची शिष्यवृत्ति ठरली. पण ती घ्यावयाची, तर आपण कोण हें सांगावें लागतें. जो अद्याप घरांत भीत भीत राहतो, त्यानें ती मागावी कशी? आपल्या परंपरेनें दात्याचें नांव झांकणाऱ्या गुप्तदानाची थोरवी गाइली. येथें घेणाऱ्याचें नांव झांकलें पाहिजे.

त्या मुलाला मीं 'कां' म्हणून विचारलें, तें चार सभासदांच्या समोर. तोच प्रश्न एकांतांत विचारला असता, तर कदाचित् त्याला उत्तर देतां आलें असतें.